चार हँडलं, एक डावा हात

मराठवाडी जातीची एक म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका.

दोन इंच उंचीचे लोखंडी ठोकळे. जोडीनं मिळतात.

मेहुणा.

असा धूर, जो वर जात नाही, खाली सांडतो.

"डोळे मिटा. हात सैल सोडा."

पावणेतीन फुटी बोळ.

अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट.

ह्या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध काय, असं कुणी आनंदराजला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, संबंध एवढाच की हे सगळं एकाच दीड वर्षात माझ्याच मागं लागलं. आणि त्यात त्याचं फार चुकलं नसतं. पुढं मध्येमध्ये जे आकडे येतील ते त्याच्या मोटारसायकलच्या काट्यावरचे किलोमीटर आहेत. तारखा त्याच्या ध्यानात राहत नाहीत. किलोमीटर राहतात.

४१,०६६

आनंदराज अहमदपूरचा. वय सेहेचाळीस. काम गायी-म्हशींना कांडी भरण्याचं. जनावर माजावर आलं की मालकाचा फोन येतो. मग हा गाडीला किक मारतो, तिथं जातो, खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवतो, डावा हात जनावराच्या आत घालून गर्भाशय धरतो आणि उजव्या हातातल्या नळीनं वळूचं बी आत सोडतो. हे बी ज्यात भरलेलं असतं ती कांडी, काडेपेटीतल्या दोन काड्या जोडल्यासारखी. कांड्या नायट्रोजनच्या डब्यात बुडवून न्याव्या लागतात. डबा लेकरासारखा सांभाळायचा, कलंडू द्यायचा नाही. अडीच महिन्यांनी पुन्हा जायचं, पुन्हा डावा हात घालायचा आणि जनावर गाभण आहे की रिकामं ते मालकाला सांगायचं. बावीस गावं, सतरा वर्षं. खेड्यात त्याला डॉक्टर म्हणतात. नांदेडला किंवा लातूरला गेला की तो स्वतःबद्दल "फिरतीचं काम आहे" एवढंच सांगतो आणि पाऊसपाण्याचं विचारतो.

ह्या कामात डोळ्यांना काही दिसत नाही. सगळा कारभार बोटांचा. बोटं सांगतील ते खरं, आणि सतरा वर्षं आनंदराजची बोटं खरं सांगत आली होती.

मग मेहुण्यानं गाडी दिली.

मेहुणा आदर्श, बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं कार घेतली आणि आपली मोटारसायकल दाजींच्या गळ्यात घातली. गाडीचं इंजिन चांगलं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण आदर्शनं तिला शर्यतीच्या गाडीसारखं बुटकं, सरळसोट हँडल बसवून घेतलेलं. त्यावर बसलं की माणूस टाकीवर पालथा पडल्यासारखा दिसे आणि अंगाचा सगळा भार दोन मनगटांवर येई. चौथ्या महिन्यात मान धरली. पाचव्या महिन्यात डाव्या हाताची तीन बोटं आधी मुंग्या येऊन, मग मुंग्यासुद्धा न येता बधिर व्हायला लागली. क्लच दाबणारा हात डावा, जनावरात जाणाराही डावा. उजवा हात ठणठणीत होता, त्याला विचारतंय कोण.

घरात बोलायची सोय नव्हती. हँडल वाईट म्हटलं की प्रियदर्शनीला ऐकू येई, भाऊ वाईट. आदर्शनं चार वर्षं हीच गाडी चालवली, त्याला काही झालं नाही, हे ती पोळ्या लाटता लाटता सांगायची आणि लाटणं जरा जोरात फिरायचं. आदर्श आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढायचा आणि तीही लग्नाला, हे आनंदराज मनात म्हणायचा.

मग बसवंतची गाय झाली. म्हणजे, तिचं प्रकरण झालं.

बसवंत शिरूर ताजबंदच्या अलीकडचा शेतकरी. त्याच्या गायीला दुसऱ्यांदा कांडी भरून अडीच महिने झाल्यावर आनंदराजनं हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि सांगितलं, रिकामी आहे. दोनदा रिकामी निघालेली गाय कोण पोसणार. बसवंतनं ती उदगीरच्या बाजारात विकली. साडेसहा-सात महिन्यांनी नव्या मालकाचा बसवंतला फोन आला, गायीला कालवड झाली, देखणी आहे, पेढे खायला या.

बसवंतनं भांडण केलं नाही. भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी तो रस्त्यात दिसेल तिथं आनंदराजला थांबवायचा आणि चार माणसांत गंभीर तोंडानं म्हणायचा, "डॉक्टर, माझ्या खिशात किल्ली हाय का न्हाई, जरा हात घालून सांगता का?"

तिसऱ्यांदा हे झालं त्या दिवशी काट्यावर ४१,०६६ होते. आनंदराजनं ठरवलं, हँडल बदलायचं. मेहुणा गेला उडत.

४१,३१०

अहमदपूरहून नांदेड एकीकडं आणि लातूर दुसरीकडं, दोन्हीकडचा कंटाळा सारखाच. नांदेडला देगलूर नाक्याजवळ गफूरभाई म्हणून मिस्त्री आहे, हँडलाचं काम तो शिंप्यासारखं माप घेऊन करतो, असं कळल्यावर आनंदराज रविवारी गाडी धुऊन, पुसून, मोकळी करून तिकडं गेला.

गफूरभाई साठीचे. चष्मा सुतळीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी खरंच टेप काढली. खांद्यापासून मनगटापर्यंत मोजलं, सीटपासून हँडलापर्यंत मोजलं, मग गाडी मधल्या स्टँडवर लावून त्याला वर बसवलं.

"डोळे मिटा, साहेब. हात सैल सोडा. आता हँडल धरायला जा, पण बघू नका. हात आपल्या मनानं जिथं जाऊन थांबतील ना, हँडल तिथं पायजे. तुमचं हँडल कुठं हाय म्हाईत हाय? गटारीत."

त्यांनी उंच, नेहमीच्या गाडीला असतं तसं हँडल बसवलं. हँडल वर गेलं की जुनी क्लच वायर ओढली जाते आणि वळताना क्लच आपोआप दाबला जातो, म्हणून वायर लांब घातली, रेस वायरही लांब घातली. पुन्हा डोळे मिटायला लावले. आनंदराजचे हात अंधारात पुढं गेले आणि बरोब्बर मुठींवर पडले. कोपरं जराशी वाकलेली, पाठ ताठ. त्याला वाटलं, आपण आजवर गाडी चालवतच नव्हतो, नुसते गाडीच्या पाया पडत होतो.

नांदेड ते अहमदपूर हाताला एक मुंगी आली नाही. लोह्याला चहाला थांबला तेव्हा त्यानं बोटं एकेक करून अंगठ्याला लावून बघितली. पाचही जागी होती.

सोमवारी अंधोरी, खंडाळी आणि परत. संध्याकाळी त्याला शर्टाचं बटण काढता येईना.

रविवारी बरं, सोमवारी वाईट

हे असं अडीच हजार किलोमीटर चाललं. सुट्टीच्या दिवशी बाजाराला, लग्नाला, नातेवाईकांकडं गाडी घेऊन गेलं तर काही नाही. कामाला निघालं की दहाव्या-बाराव्या किलोमीटरला अंगठ्यापासून सुरुवात. प्रियदर्शनी अंगणवाडी सेविका. तिनं निदान करून टाकलं.

"रविवारी हात बरा असतोय. सोमवारी कामावर जायचं म्हणलं की दुखतोय. आमच्या अंगणवाडीत अशी तीन लेकरं हायत."

बाकीच्यांचे सल्ले: गादी बदला. गादी मऊ आहे म्हणून दुखतंय, कडक करा. कडक आहे म्हणून दुखतंय, मऊ करा. टायरची हवा कमी करा. तांब्याचं कडं घाला. हातमोजे घाला. हातमोजे काढा. मुठींना स्पंज गुंडाळा. कोमट पाणी, मीठ. वय झालं. हाडाच्या डॉक्टरनं हात उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, काम काय करता. फिरतीचं, आनंदराज म्हणाला. मग फिरणं कमी करा, डॉक्टर म्हणाले. त्यासाठी एवढं शिकावं लागतं, हे त्याला माहीत नव्हतं.

४३,७५४

लातूरला शंकरप्पाचं दुकान. काचेच्या दाराचं, आत निळे दिवे, भिंतीवर हँडलं अशी टांगलेली जशी सांबरांची शिंगं. लातूर शिकवण्यांचं गाव, तिथं कुणालाही सर म्हणतात. शंकरप्पानं आनंदराजला सर म्हणत गाडीभोवती एक चक्कर मारली आणि तोंड वाकडं केलं.

"हे कुणी बसवलं, सर? नांदेडला ना. वाटलंच. उंची दिली, रुंदी कोण देणार? छाती मोकळी व्हाय पायजे. छाती आवळली की नस दबतीय. नस दबली की बोटं गेली."

हे ऐकायला इतकं शास्त्रीय होतं की आनंदराजनं मान डोलवली. शंकरप्पानं हँडलाखाली दोन इंची लोखंडी ठोकळे घातले, त्यावर डोंगरात चालवायच्या गाडीचं भलं रुंद हँडल चढवलं, टोकांना जड गोळे बसवले. गफूरभाईंची लांब वायरही आता आखूड पडली, ती पुन्हा बदलली. आनंदराज बसला. छाती खरंच मोकळी झाली. आरशात त्याला आपण कुणीतरी फौजदार आहोत असं वाटलं.

लातूर ते अहमदपूर, एक मुंगी नाही. वार रविवार.

सोमवारी दुपारपर्यंत खांदासुद्धा गेला.

त्यानं शंकरप्पाला फोन केला. शंकरप्पा म्हणाला, पंधरा दिवस द्या सर, बॉडीला सवय होऊ द्या. पंधरा दिवस दिले. मग महिना दिला. मग हात दिसेल तिथं आपटावासा वाटायला लागला तेव्हा गफूरभाईंना फोन केला आणि लातूरचं सगळं खरं खरं सांगून टाकलं. 

"लातूरवाल्यांना आयुक्तालय पायजे म्हणे," गफूरभाई म्हणाले. "आधी हँडल सरळ बसवायला शिका म्हणावं."

म्हणजे आयुक्तालय नांदेडला की लातूरला, ह्या दोन शहरांच्या भांडणात आता आनंदराजचा अंगठाही आला.

४६,४८०

हाडोळतीच्या पलीकडं एक वाडी आहे. तिथं सरजाबाई राहते, एकटी. एकटी म्हणजे म्हशीसोबत. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदी. चांदी दोनदा उलटलेली होती, म्हणजे कांडी भरूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आलेली. आता तिसऱ्यांदा कांडी भरून अडीच महिने झाले होते, आणि सरजाबाईनं आधीच सांगून ठेवलेलं, ह्यावेळी रिकामी निघाली तर उदगीरचा बाजार. गाभण असली तर कितीही हाल झाले तरी दावणीलाच.

म्हणजे आनंदराज जे सांगेल ते.

आदल्या रात्रीपासून त्याच्या डोक्यात बसवंतच्या गायीची कालवड उड्या मारत होती.

सरजाबाईच्या घराकडं जायला दोन भिंतींमधून एक बोळ आहे. सतरा वर्षं आनंदराज त्या बोळातून गाडी थेट अंगणात नेत होता. आज त्यानं गाडी आत घातली आणि शंकरप्पाच्या हँडलाचे दोन्ही गोळे दोन्हीकडच्या भिंतींना जाऊन टेकले. गाडी ना पुढं ना मागं. पाठीमागं रस्त्यावर एक ट्रॅक्टर येऊन थांबला आणि हॉर्न वाजवायला लागला. आनंदराजनं लाथा मारून, हँडल तिरकं करून, भिंतीची माती खाली पाडून गाडी मागं काढली, बोळाच्या तोंडाशी उभी केली, डबा उतरवून हातात घेतला आणि चालत अंगणात गेला. ट्रॅक्टरवाला शिव्या देत नव्हता, हसत होता. ते जास्त लागलं.

मोजा चढवला. हात घातला. चांदीनं शेपूट आवळलं आणि उभी राहिली, बिचारी समजूतदार.

बोटांना काही कळेना. हात आत होता, ऊब कळत होती, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकडाची. गर्भाशयाचं एक शिंग, म्हणजे त्याच्या दोन फाट्यांतला एक, हाताला लागलं, सुटलं. भरल्यासारखं वाटलं. आपल्याला भरलेलं पाहिजे म्हणून वाटलं का? पुन्हा शोधलं. सापडलं. काय सापडलं ते कळलं नाही.

"रिकामी असली तर सांग," सरजाबाई म्हणाली. ती खुंट्याजवळ पदर खोचून उभी होती. "मी काय रडत न्हाई."

आनंदराजनं हात बाहेर काढला. सतरा वर्षांत त्यानं कुणाला हे सांगितलं नव्हतं.

"पंधरा दिवसांनी परत येतो, सरजामाय. आज कळत न्हाई."

सरजाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मोज्याकडं बघितलं.  तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न पुन्हा. गाडी अजून त्याच्या वाटेतच होती. आनंदराज चिडून बाहेर गेला, गाडी चालू केली, पन्नास पावलांवरच्या लिंबाखाली नेऊन लावली आणि परत आला, तर सरजाबाई बोळाच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी.

"आता कसा बसलतास?" तिनं विचारलं.

"कसा म्हणजे? गाडीवर बसतात तसा."

"न्हाई. आता फुडं बसलतास. येताना मागं बसून येतोस." तिनं अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. "येवढा मागं. डबा मांडीत फुडं, तू मागं, अन् हात असे. वढलेल्या दाव्यावानी. आता डबा न्हवता तर कसा नवरदेवावानी बसलतास."

आनंदराज वैतागून म्हणाला की डबा पुढंच ठेवावा लागतो. मागच्या सीटवर बांधला तर खड्ड्यात आदळून त्याची मान तुटते, मग नायट्रोजन उडून जातो आणि सगळ्या कांड्या एका दिवसात मरतात. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात ते. डबा दोन मांड्यांत, टाकीला टेकवून. सतरा वर्षं तो असाच...

तो मध्येच थांबला.

"मिस्त्रीला दाखिवलास का डबा?" सरजाबाईनं विचारलं.

"डबा मिस्त्रीला कशाला दाखवायचा?"

"मला काय इचारतोस," सरजाबाई आत वळली. "डाक्टर तू हायेस."

तिथून अहमदपूरपर्यंत

तो रस्ताभर स्वतःशी बोलत आला. रविवारी डबा नाही. सोमवारी डबा. रविवारी डबा नाही, सोमवारी डबा. ज्या माणसाचं माप गफूरभाईंनी घेतलं तो माणूस कामावर कधी गेलाच नव्हता. शंकरप्पानं ज्याची छाती मोकळी केली तोही नाही. कामावर जाणारा माणूस वीतभर मागं बसतो, गुडघे फाकवून, हात ताणून, आणि टाकी मांड्यांत धरता येत नाही म्हणून सगळा तोल मुठींवर घेतो. त्या माणसाला दोन्ही मिस्त्रींनी कधी बघितलं नव्हतं.

आणि का नव्हतं, तेही त्याला माहीत होतं. नऊ-दहा वर्षांपूर्वी नांदेडला एका हॉटेलात तो डबा शेजारी ठेवून चहा पीत होता. कुणीतरी विचारलं, काय आहे. त्यानं साधेपणानं सांगितलं. त्यानंतर तिथं जो हशा झाला, आणि रेड्याची कुल्फी म्हणून जे ओरडले, त्यात चहा अर्धा राहिला. तेव्हापासून डबा शहरात न्यायचा नाही, हा नियम. नियम इतका जुना झाला होता की तो नियम आहे हेच तो विसरला होता. फक्त हात विसरला नव्हता.

४६,६०२

गफूरभाईंनी आधी हँडलाकडं बघून समाधानानं हुंकार दिला, मग गाडीवर पुढं बांधलेल्या डब्याकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरले.

"हे काय हाय? बाजूला वेल्डिंग चालू हाय, साहेब. आत काय ते सांगितल्याबिगर दुकानाच्या सावलीत आणू नका."

आनंदराज म्हणाला, नायट्रोजन आहे, पेट घेत नाही.

"नायट्रोजन कशाला लागतो तुम्हाला फिरतीच्या कामात?"

शेजारचा वेल्डिंगवाला काच वर करून बघत होता. दोन गिऱ्हाईकं बाकावर होती, एक पंक्चरवाला होता. आनंदराजनं झाकण वर केलं. पांढरा धूर काठावरून खाली सांडला, टाकीवरून घसरत जमिनीवर आला आणि गफूरभाईंच्या चपलांपाशी विरला. सगळे जवळ आले.

"वळूचं बी हाय," आनंदराज म्हणाला. "म्हशींसाठी रेड्याचं. मी कांड्या भरतो. गाभण तपासतो. ह्याच हातानं."

बाकावरचा एकजण म्हणाला, म्हणजे एवढे सगळे नवरदेव ह्या एका डब्यात. हसले सगळे. गफूरभाई सगळ्यांत जास्त हसले, चष्मा पोटावर हलला. आनंदराज जागेवर उभा राहिला. हसणं संपलं. हसणं संपतं, हे त्यानं मागच्या वेळी थांबून बघितलं नव्हतं. दुसऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं, हदगावकडं येता का, माझ्या भावाची म्हैस तीनदा उलटलीय. आनंदराज म्हणाला, हदगाव माझ्या बावीस गावांत न्हाई. तरी त्या गिऱ्हाइकानं नंबर मागून घेतला.

"बसा, डॉक्टरसाब," गफूरभाई म्हणाले. साहेबाचा डॉक्टरसाब झाला होता. "डब्यासकट बसा. जसे जाता तसे."

आनंदराज बसला. गफूरभाईंनी टेप लावली, पुन्हा लावली, आणि टेप हातात धरून त्याच्याकडं अशा नजरेनं बघत राहिले की त्यानं मान फिरवली.

"साडेपाच इंच मागं. साडेपाच. मी माप घेतलं तुमचं, आणि तुम्ही कपडे घातले दुसऱ्याला."

लातूरचं हँडल उतरवताना त्यांना झालेला आनंद त्यांनी लपवला नाही. ठोकळे त्यांनी ठेवून घेतले, कूलरखाली घालायला. मग माळ्यावरून एक गंज धरलेलं हँडल काढलं, जुन्या शंभर सीसी गाडीचं, आनंदराजच्या आधीच्या गाडीला होतं तसलंच, दोन्ही टोकं मागं वळलेली, बैलाच्या शिंगांसारखी स्वाराकडं आलेली. वाळूकागदानं घासून बसवलं. क्लचची दांडी खाली कलती केली, म्हणजे मनगट वर मोडत नाही. वायरी पुन्हा बदलल्या, आता आखूड. पुन्हा डोळे मिटायला सांगितले, मांडीत डबा.

हात पुढं गेले नाहीत. मुठीच हाताशी आल्या.

आनंदराजनं डोळे उघडून आरशात बघितलं. गाडी दूधवाल्याची दिसत होती. तसं तो बोललाही. गफूरभाई म्हणाले, दूध कुठून येतंय मग.

घरी प्रियदर्शनीनं गाडीकडं बघितलं आणि विचारलं, आदर्शनं बघितली तर काय म्हणेल. आनंदराज म्हणाला, त्याला सांग, तुझ्या दाजीला आता बटणं काढता येतात. तिनं थोडा विचार करून सांगितलं की हे आधीच करायला पाहिजे होतं, ती पहिल्यापासून म्हणत होती.

४७,६३५

बोळातून गाडी आत गेली. दोन्हीकडं दोन-दोन बोटं जागा उरली.

हात लगेच बरा झालेला नव्हता. दोन बोटं परत आली होती, अंगठा अजून उशिरा उठणाऱ्या माणसासारखा. पण खांदा गप्प होता आणि मान वळत होती. आनंदराजनं मोजा चढवला. चांदीनं शेपूट आवळलं. सरजाबाई खुंट्याजवळ, पदर खोचून. 

त्यानं घाई केली नाही. उजवं शिंग सापडलं. धरलं. डाव्यापेक्षा जाड होतं, आणि आत पाणी होतं, भरलेल्या फुग्यातलं पाणी असतं तसं हलणारं. त्यानं शिंग दोन बोटांत हलकेच चिमटून सोडलं, आणि आतला पातळ पडदा बोटांमधून सुळकन निसटला. रिकाम्या जनावरात निसटायला काही नसतं. त्यानं पुन्हा चिमटलं. पुन्हा निसटला. तो पडदा त्यानं चौथ्यांदाही निसटू दिला, गरज नसताना.

"गाभण हाय, सरजामाय."

"हाव," सरजाबाई म्हणाली. "मला ठाव हाय. मागल्या येळेलाच ठाव होतं. तिचं खाणं बदललंय."

आनंदराज मोजा अर्धा उतरलेल्या हातानं तसाच उभा राहिला.

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस? पंधरा दिवस मला झोप न्हाई."

"तू डाक्टर हायेस का मी?" सरजाबाईनं चांदीपुढं पेंड सरकवली. "अन् माझं ऐकून सांगितलं असतंस तर तुझ्या हाताचं तुला काय कळलं असतं?"

 आनंदराजनं हात धुतले, दोन्ही. साबण डाव्या हाताच्या चार बोटांना गार लागला, अंगठ्याला जरा कमी. डबा मांडीत घेतला, गाडी बोळातून काढली. वाडीच्या फाट्यावर बसवंत चहा पीत बसलेला दिसला. त्यानं लांबूनच खिशावर हात ठेवला. आनंदराज थांबला नाही. हाडोळतीकडं अजून दोन जनावरं बघायची होती.

४१,३१०

माप घेण्याआधी गफूरभाईंनी विचारलं होतं, साहेब, गाडीवर पुढं-मागं काही सामान असतं का. आनंदराजनं सांगितलं होतं, काहीच नसतं.